लेखात टाकायचे फोटो: ब्राउझरमध्येच चालणारी साधनं आणि ती वापरायची रीत

सुवेळा

आपल्या या फोरमवर भटकंतीच्या आणि पाककृतींच्या धाग्यांवर 'फोटो दिसत नाहीत', 'पान उघडायला फार वेळ लागतोय' असे प्रतिसाद सतत येतात. लिहिणाऱ्यानं मेहनतीनं पंधरा-वीस फोटो टाकलेले असतात आणि वाचणारा दुसऱ्या फोटोवरच कंटाळून पान बंद करतो. म्हणून हा वेगळा धागा. फोटो काढावा कसा, हे इथे नको. काढलेला फोटो लेखात जाईपर्यंत त्याचं काय करायचं, तेवढंच बोलू.

आधी गणित. आजच्या साध्या फोनचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. फाइल भरते ३ ते ५ एमबी. आपल्या लेखाचा रकाना बहुतेक ठिकाणी ७००-८०० पिक्सेल रुंद असतो. दाट (इंचामागे जास्त पिक्सेल असलेल्या) पडद्याच्या फोनसाठी त्याच्या दुप्पट धरा, १६०० पुरे. १६०० × १२०० म्हणजे १९ लाख पिक्सेल, मूळच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. जेपीजीची (फोटोचा नेहमीचा फाइल-प्रकार) क्वालिटी शंभरपैकी ७५-८० ठेवली की तोच फोटो साधारण २००-३५० केबीत बसतो आणि डोळ्याला काही फरक कळत नाही. पंधरा फोटोंचा लेख ६० एमबीवरून ५ एमबीच्या आत येतो. वेल्ह्याच्या आतल्या गावात बसून राजगडावरचा लेख उघडणाऱ्या माणसाला तो दिसतो की नाही, हे या एका गोष्टीवर ठरतं. ज्या गावांच्या वाटांनी आपण गडावर जातो, तिथल्या लोकांनाच आपला लेख उघडता येऊ नये याचं मला फार वाईट वाटतं.

आता साधनं. नुसतं आकारमान कमी करायचं असेल तर स्क्वूश. गुगलच्या क्रोम टीमनं २०१८ साली आणलेलं हे साधन पूर्ण फुकट आहे, लॉगिन नाही. फोटो ओढून टाकला की मधोमध एक उभी रेघ येते. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे लहान केलेला, रेघ सरकवत तुलना करा. मुख्य म्हणजे सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. एकदा पान उघडलेलं असेल तर नेट गेलं तरी चालतं. उणीव एकच, एका वेळी एकच फोटो.

फोटोवर खरोखर काम करायचं असेल (क्रॉप, उजेड, रंग, अक्षरं, लेयर) तर फोटोपी. इव्हान कुत्स्कीर या एकट्या माणसानं २०१३ पासून उभं केलेलं. ज्यांनी कधीकाळी फोटोशॉप हाताळलंय त्यांना काही नवीन शिकावं लागत नाही, मेनू तेच आणि शॉर्टकटही बहुतेक तेच. फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडते, गिंप या मोफत साधनाची एक्ससीएफही उघडते. बाजूला जाहिराती दिसतात, त्यावर ते चालतं. इथेही फाइल तुमच्या संगणकाबाहेर जात नाही.

कॅन्व्हा सगळ्यांना माहीत आहे. लेखाच्या वरचं चित्र किंवा यूट्यूबचा थंबनेल करायला सोयीचं आहे, तयार साचे भरपूर आहेत. पण ते खातं मागतं आणि काम त्यांच्याकडे साठतं.

कुठलंही नवं साधन उघडताना मी दोन प्रश्न विचारते. माझी फाइल बाहेर जाते का? आणि हे उद्या बंद पडलं तर माझ्या हाती काय राहील? दुसरा प्रश्न उगाच नाही. पिकनिक नावाचं फार गोड ऑनलाइन साधन होतं, ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीनं वापरलं. गुगलनं ते २०१० साली विकत घेतलं आणि एप्रिल २०१२ मध्ये बंद केलं. २०१६ साली गुगलचंच पिकासा हे फोटोंचं साधन गेलं. म्हणून मूळ फोटो नेहमी स्वतःजवळ, न छेडलेला, वेगळ्या फोल्डरमध्ये. जे काही करायचं ते त्याच्या प्रतीवर.

घाटवाट

उत्तम धागा. पिकासाच्या आठवणीनं जखम ओली झाली. तिथल्या अल्बममधून लिंक देऊन टाकलेल्या फोटोंचे कितीतरी लेख आज रिकाम्या चौकटी घेऊन उभे आहेत. २०१७ मध्ये फोटोबकेट या फोटो साठवायच्या साइटनं बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायला वर्षाला ३९९ डॉलर मागितले, तेव्हाही जगभरच्या फोरमांवर हेच झालं. फोटो लहान करून थेट लेखाच्याच ठिकाणी चढवावेत, तिसऱ्याच्या दारात ठेवू नयेत.

एक सूचना. पंधरा फोटो एकेक करून स्क्वूशमध्ये टाकणं होत नाही. त्यासाठी बी-आय-आर-एम-ई या नावानं शोधा. सगळे फोटो एकदम ओढा, रुंदी लिहा, क्वालिटी लिहा, झिप उतरवून घ्या. हेही ब्राउझरमध्येच चालतं.

नवशिक्या_नाशिक

एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फोटो पाठवायचा आणि तो सेव्ह करायचा. आपोआप लहान होतो.

सुवेळा

होतो, पण किती लहान करायचा ते व्हॉट्सअ‍ॅप ठरवतं, तुम्ही नाही. जेपीजी प्रत्येक वेळी सेव्ह करताना चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे करून त्यातला बारकावा टाकून देतं. एकदा व्हॉट्सअ‍ॅपनं टाकला, मग तुम्ही क्रॉप करून सेव्ह केलं तेव्हा टाकला, मग साइटनं चढवताना टाकला. कातळावरचं गवत, कोरीव लेख, साडीची वीण यांत हे आधी दिसतं, कडांभोवती मळकट ठिपके येतात. मूळ फाइल घ्या, सगळे बदल एकाच बैठकीत करा आणि शेवटी एकदाच सेव्ह करा. मध्ये थांबायचं असेल तर फोटोपीत पीएसडी म्हणून ठेवा, त्यात काही गळत नाही.

ताटवाटी

पाककृतीवाल्यांच्या वतीनं लिहिते, कारण आमचं दुखणं आकाराचं कमी आणि रंगाचं जास्त असतं. संध्याकाळी स्वयंपाकघरात पिवळ्या दिव्याखाली उकडीच्या मोदकांचा फोटो काढला की मोदक हळद लावल्यासारखे दिसतात. बहुतेक जणी मग ब्राइटनेस वाढवतात. तिथे घात होतो. मोदक आधीच फिकट, उजेड वाढवला की कळ्यांच्या रेघा पांढऱ्यात विरून जातात आणि ताटात नुसते पांढरे गोळे उरतात. एकदा पांढरं जळलं की कुठलंच साधन ते परत आणत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते.

क्रम उलटा ठेवा. आधी रंग, मग उजेड. फोटोपीत इमेज मेनूतल्या अ‍ॅडजस्टमेंट्समध्ये कलर बॅलन्स आहे. पिवळ्या-निळ्याच्या पट्टीवर काटा निळ्याकडे सरकवत न्या आणि नजर मोदकावर ठेवू नका, ताटावर ठेवा. स्टीलचं ताट राखाडी दिसायला लागलं की थांबा. पुढे गेलात तर केळीचं पान निळसर होईल. फोनवर स्नॅपसीड हे अ‍ॅप असेल तर व्हाइट बॅलन्समध्ये ड्रॉपर मिळतो, तो ताटाच्या साध्या राखाडी भागावर टेकवायचा, चकाकणाऱ्या जागी नाही. त्यानंतरच उजेड, तोही सावल्यांचा. हायलाइट्सची (उजळ भागांची) पट्टी उलट थोडी खाली आणा, कळ्या लगेच उठून येतात.

तयार फिल्टर मात्र खाण्यावर लावू नका, ही कळकळीची विनंती. वाचणारी बाई फोटोतला रंग बघून मसाला किती परतायचा ते ठरवते. फिल्टरनं तांबडा केलेला रस्सा म्हणजे तिला दिलेली चुकीची कृती आहे.

घाटवाट

ताई, हे शेवटचं लाखमोलाचं. ट्रेकच्या फोटोंनाही लागू आहे. सॅच्युरेशन वाढवून राजगडाची संजीवनी माची पोपटी करण्यात काय मिळतं?

लेखणी

माझा प्रश्न अक्षरांचा आहे. फोटोवर लेखाचं नाव मराठीत टाकायचं असतं. काही साधनांत वेलांटी पुढे जाते, जोडाक्षर तुटून हलन्त दिसतो. एका साधनावर सगळं काम पूर्ण केल्यावर डाउनलोड करताना अक्षरं फुटली, पडद्यावर मात्र नीट दिसत होती. असं का होतं?

अक्षरमित्र

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण फुटलेली मराठी पाहून मला खरोखर त्रास होतो.

युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क, नंतर वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. 'क्ष', 'श्र', रफार यांचंही तसंच. हा क्रम लावून जोडाक्षर घडवणारा भाग साधनात असावा लागतो. क्रोम-फायरफॉक्समध्ये तो आहे, म्हणून वेबपानं नीट दिसतात. पण चित्राचं साधन टाइप करताना ब्राउझरकडून अक्षरं काढून घेत असेल आणि फाइल बनवताना स्वतःचा वेगळा मार्ग वापरत असेल, तर तुम्ही सांगताय तसं होतं. पडद्यावर बरोबर, फाइलीत फुटलेलं. म्हणून मजकूर पूर्ण करण्याआधीच एक ओळ टाकून, डाउनलोड करून, ती फाइल उघडून बघायची. माझी चाचणीची ओळ अशी:

वऱ्हाडातल्या दऱ्याखोऱ्यांत क्षितिजापर्यंत शृंगारलेली कृष्णवर्णी ट्रॅक्टरट्रॉली, द्विधा श्रीमंत ख्रिस्ती विठ्ठलभक्त

अर्थ शोधू नका. यात वेलांटी, रफार, ऱ्या, शृ, कृ, ट्र, द्वि, श्र, ख्रि, ठ्ठ सगळं येतं. ही ओळ टिकली तर साधन वापरण्याजोगं.

'ऱ्या' बद्दल खास. साधा र, हलन्त आणि य टाइप केलं तर 'सूर्य'मधला रफार येतो. 'दऱ्या' हवं असेल तर नुक्त्याचा ऱ घ्यावा लागतो. फोनच्या बहुतेक मराठी कीबोर्डांवर र दाबून धरला की तो मिळतो. काही फॉन्टांत या आडव्या रफाराचा आकारच नसतो, तिथे साधन बदलून उपयोग नाही, फॉन्ट बदला.

फॉन्ट कुठले? मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, व्यावसायिक वापरालाही परवानगी आहे. मुक्तमध्ये बारीकपासून ठसठशीत जाडीपर्यंत वजनं मिळतात, फोटोवर वाचायला तो मला सर्वांत भरवशाचा वाटतो. जुन्या वळणाचं शीर्षक हवं असेल तर यात्रा वन बघा, मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. गोष्टीच्या किंवा कवितेच्या चित्राला टिरो देवनागरी मराठी. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही पाकळीचा ल आणि देठाचा श हेच रूप प्रमाण मानलं आहे, आणि तरी आपल्या चित्रांवर सर्रास हिंदी वळणाचे ल-श दिसतात. वापरणाऱ्यांनी मागितलं तर साधनं देतील.

जुन्या कृतिदेव-श्रीलिपीसारख्या फॉन्टांत युनिकोड मजकूर चिकटवू नका. ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट आहेत, तिथे चौकोन किंवा भलतंच काहीतरी उमटेल.

साधन ऐकतच नसेल तर गिंप किंवा इंकस्केप उतरवून घ्या, दोन्ही मोफत आणि दोन्हींत देवनागरी बरोबर घडते. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असलेल्यांनी टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं, त्याहून जुन्या आवृत्तीत तेच 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' नावानं आहे.

लेखणी

फार फार धन्यवाद. चाचणीची ओळ जपून ठेवली आहे. आताच एका साधनात टाकली तर शृ तुटला. फॉन्ट बदलून मुक्त घेतला, तुटणं थांबलं.

अक्षरमित्र

म्हणजे तुमचं साधन ठीक होतं, फॉन्टात उणीव होती. आणखी एक, फोटोवर अक्षरं टाकताना नुसता पांढरा रंग देऊन भागत नाही. आभाळावर पांढरं हरवतं. अक्षरांमागे काळी पट्टी टाका आणि ती अर्धी पारदर्शक करा. शिरोरेघ आणि वरची मात्रा पट्टीच्या काठाला चिकटू देऊ नका, वर इंग्रजीला लागते त्याहून जास्त जागा सोडा.

रानफूल

मला वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहायचं आहे आणि कृपया सगळ्यांनी वाचावं. फोनच्या फोटोत एक्झिफ नावाची माहिती दडलेली असते. तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या काही जाती अशा आहेत की जगात दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत आणि एखाद्या पठारावरच्या मूठभर जागेत त्यांची मोजकी झाडं असतात. लेखात आपण 'साताऱ्याजवळचं एक पठार' एवढंच लिहितो, आणि फोटोच्या फाइलीत काही मीटरपर्यंतची नेमकी जागा देऊन टाकतो. कंद उकरून नेणारे लोक आहेत. फुलांची, आमरींची (ऑर्किडची), पक्ष्यांच्या घरट्यांची छायाचित्रं टाकणाऱ्यांनी लोकेशन काढूनच फाइल चढवावी. काही साइट्स ती माहिती स्वतः काढतात, काही तशीच ठेवतात, त्यावर विसंबू नका.

स्क्वूशमधून काढलेल्या फाइलीत ही माहिती उरत नाही. विंडोजवर फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडून खाली 'रिमूव्ह प्रॉपर्टीज' आहे. मुलांच्या घरच्या फोटोंनाही हाच नियम लावा.

घाटवाट

याला शंभर टक्के अनुमोदन. धाग्याच्या पहिल्या प्रतिसादात जोडता येईल का?

नवशिक्या_नाशिक

हे माहीतच नव्हतं. मग स्क्रीनशॉटमधला फोन नंबर लपवायला ब्लर केला तर चालतं ना?

सुवेळा

रानफूल, जोडते.

ब्लर नको. अंक ठरावीक आकाराचे असतात, पुसट केलेल्यावरूनही ते ओळखून काढता येतात. भरीव काळा चौकोन टाका आणि जेपीजी किंवा पीएनजी (चित्राचा दुसरा फाइल-प्रकार) म्हणून नव्यानं सेव्ह करा. क्रॉपवरही आंधळा विश्वास नको. २०२३ मध्ये गुगल पिक्सेल फोनच्या मार्कअप या स्क्रीनशॉट कापायच्या साधनात अशी त्रुटी सापडली की कापून टाकलेला भाग फाइलीत शिल्लक राहत होता आणि परत मिळवता येत होता. नंतर दुरुस्त झाली, पण तोवर चढवलेले स्क्रीनशॉट तसेच राहिले.

स्क्रीनशॉटसाठी पीएनजी वापरा, अक्षरांच्या कडा स्वच्छ राहतात. फोटोला मात्र पीएनजी कधीच नको, फाइल पाच-सहा पटही फुगू शकते. पीएनजी जड झाली तर टायनीपीएनजी आहे, ते रंगांची संख्या कमी करून वजन उतरवतं. पण तिथे फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते, म्हणून आधार-पॅन-बँक असलं काही टाकू नका.

ताटवाटी

मागचा भाग काढून टाकायचा असेल तर? बरणीचा फोटो ओट्यावरून उचलून साध्या रंगावर ठेवायचा होता.

घाटवाट

रिमूव्ह डॉट बीजी. व्हिएन्नातल्या मंडळींनी केलेलं, २०२१ पासून कॅन्व्हाकडे आहे. फुकटात लहान आकाराची फाइल मिळते, लेखातल्या छोट्या चित्राला ती पुरते. काचेच्या बरणीला मात्र त्रास देईल, काचेतून मागचं दिसत असतं आणि त्याला ते बरणीचंच वाटतं. त्यापेक्षा बरणीमागे पांढरा कार्डशीट धरून फोटो काढा, निम्मं काम तिथेच होईल.

लेखणी

विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या चित्रसंग्रहातला फोटो क्रॉप करून वापरला तर नाव द्यावं लागतं का?

सुवेळा

हो. बहुतेक फोटो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (अटींसह खुल्या वापराच्या) परवान्याखाली असतात. छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव, मूळ पानाचा दुवा आणि 'कापून घेतला आहे' असा उल्लेख. परवान्यात शेअर-अलाइक असेल तर तुमचं बदललेलं चित्रही त्याच परवान्यानं खुलं ठेवावं लागतं. 'गुगलवर मिळाला' हा परवाना नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार (२०१२ च्या दुरुस्तीनंतर) छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. इथल्याच एखाद्या सदस्याचा फोटो हवा असेल तर सरळ विचारा, आनंदानं देतात.

नवशिक्या_नाशिक

बी-आय-आर-एम-ईवर सगळे फोटो टाकले, रुंदी १६०० दिली. आडवे झकास झाले. उभे फोटो मात्र लेखात प्रचंड लांब दिसताहेत, एक फोटो बघायला दोनदा सरकवावं लागतंय. फाइलही जड आहे.

सुवेळा

उभ्यांचा गट वेगळा करा आणि रुंदी ९०० द्या, उंची आपोआप १२०० होईल. आडव्या-उभ्याची सरमिसळ असेल तर तिथे दोन्ही लांबींपैकी मोठी बाजू धरायचा पर्याय शोधण्यात वेळ घालवू नका, दोन फेऱ्यांत काम होतं. क्वालिटी ७५ ठेवा. आणि मूळ फोटोंचं फोल्डर तसंच ठेवलंय ना, तेवढं बघा.

नवशिक्या_नाशिक

ठेवलंय. उभे ९०० नं केले, लेख अपडेट केला आहे. रामशेज किल्ल्याच्या धाग्यावर बघून सांगा.

घाटवाट

बघितला. कसाऱ्याच्या अलीकडे गाडीत बसून उघडला, रेंज जेमतेम होती, सगळे फोटो आले. तिसऱ्या फोटोत क्षितिज डावीकडे कललंय, तेवढं फोटोपीत सरळ करून घ्या.